कपाटाचा पल्ला वाकू नये म्हणून

प्लायवूडची कापलेली कड एकदा नीट बघा. थर सहसा विषम असतात, ५, ७, ९ असे, आणि प्रत्येक थराच्या रेषा शेजारच्या थराला काटकोनात. लाकूड ओल धरलं की रेषांना आडवं फुगतं. इथे थर एकमेकांना धरून ठेवतात, मधल्या थराच्या दोन्ही अंगांना ताण सारखा राहतो, म्हणून फळी सपाट राहते.

हा तोल आपणच बिघडवतो. बाहेरून १ मिमीचं महागडं लॅमिनेट आणि आतून नुसता रंग, कारण ‘आत कोण बघतंय?’ पावसाळ्यात आतली बाजू दमट हवा पिते, बाहेरची पीत नाही, आणि पल्ला धनुष्यासारखा वाकतो. मग बोल बिजागरीला! मिस्त्रींना काम सुरू होण्याआधीच सांगा, आतूनही लॅमिनेट हवं. ०.८ मिमीचं साधं पांढरं चालतं. दोन्ही बाजू लागोपाठ चिकटवून, वजनाखाली सपाट ठेवून वाळू द्या.

उंच पल्ल्यात वरच्या थराच्या रेषा उभ्या याव्यात. ८ बाय ४ फुटांच्या शीटमधून तुकडा वाचवायच्या नादात पल्ला कधीकधी आडवा कापला जातो. कापताना तिथे उभे राहा.

सिंकखाली आयएस ७१० असा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या. ‘एमआर’ (मॉइश्चर रेझिस्टंट) प्लाय फक्त दमटपणा सोसतो, साचलेलं पाणी नाही. आणि कापलेली कड झाकणारी पट्टी पल्ल्याच्या खालच्या कडेलाही लावून घ्या. पाणी शिरतं ते तिथूनच.