रेनेसाँच्या रेखाटनात उभी असलेली कला कोणती, हे कसं ओळखावं

इटलीतल्या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या रेखाटनांत व्याकरण, संगीत, चित्रकला या बहुधा बायकांच्या रूपात दिसतात. नाव क्वचितच लिहिलेलं असतं.

आधी डोकी मोजा. सात असतील तर बहुतेक व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या सात विद्या. नऊ असून जवळ अपोलो हा ग्रीक देव असेल तर त्या म्यूझ, म्हणजे कला-विद्यांच्या ग्रीक देवता. चित्रकला या सातांत नाही. ती त्यांच्या पंगतीत दिसली, तर चित्रकाराने आपल्या धंद्यासाठी मान मागितलाय असं समजा. पोप सिक्स्टस चौथा याच्या थडग्यावर (१४९३) शिल्पकार पोलाइउओलोने यथादर्शनालाही (चित्रात खोली दाखवण्याचं शास्त्र) अशीच जागा दिली.

मग हात बघा, पण एका वस्तूवरून निकाल देऊ नका. कंपास भूमितीकडे असतो, खगोल आणि वास्तुकलेकडेही. शेजारी ग्रहगोल असेल तर खगोल, इमारतीचा नकाशा असेल तर वास्तुकला. साप तर्काचा, सोबत आरसा आला की ती प्रुडन्स, म्हणजे विवेक हा सद्गुण, कला नव्हेच. कानस मात्र सहसा चकवत नाही: व्याकरण कानशीने भाषेतले दोष घासून काढते.

सगळ्यात जास्त फसवतो मुखवटा. तो प्रहसनाच्या म्यूझकडे असतो, फ्लॉरेन्सच्या मेदिची चॅपेलमधल्या मायकेलअँजेलोच्या ‘रात्र’ या शिल्पापाशीही आहे. गळ्यातल्या सोन्याच्या साखळीला लटकत असेल तरच चित्रकलेचा विचार करा. रीपा या लेखकाच्या ‘इकॉनॉलॉजिया’ या प्रतीकांच्या ग्रंथात चित्रकलेचं वर्णन आहे: विस्कटलेले काळे केस, तोंडावर पट्टी (चित्र बोलत नाही म्हणून), अंगावर धूपछाव वस्त्र. पण हा ग्रंथ १५९३ चा, चित्रं तर १६०३ च्या आवृत्तीत आली. १४७० च्या रेखाटनाला रीपा लावणं ही नेहमीची चूक. म्हणून काळ आधी ठरवा.

ब्रश डाव्या हातात दिसला तर घाईने अर्थ काढू नका. रेखाटन छापचित्रासाठी असेल तर छापताना डावं-उजवं उलटतं, म्हणून चित्रकार मुळातच उलट काढत. रेखाटन छापासाठी होतं का हे कळायला टोकदार सळईने दाबलेल्या बाह्यरेषा दिसतात का, हे कागदावर बाजूने तिरपा उजेड टाकून तपासा. कपाळावर किंवा वस्त्राच्या उंचवट्यावर काळे डाग असतील तर ती सावली नसावी. उजळपणासाठी लावलेला शिशाचा पांढरा रंग हवेतल्या गंधकाच्या वायूने काळा पडतो.