टर्फ नंतर, आधी पाण्याला वाट

परड्यात प्लास्टिकची हिरवळ घालायची म्हटली की सगळे गवताची उंची आणि रंग बघत बसतात. टर्फच्या पाठीला बारीक भोकं असतात, त्यातून पाणी खाली उतरतं. पुढे त्याचं काय होतं ते खालच्या जमिनीवर आहे. ती पाणी धरून बसली तर आषाढात गवतावर पाय ठेवला की पचपच पाणी वर येतं, आठवड्यात कुबट वास सुटतो आणि पुढच्या वर्षी सगळं उचलावं लागतं.

जमीन पावसात बघावी आणि दिवाळीनंतर खणावी. जुलैतल्या तरण्या पावसात परड्यात कुठे डबकं साठतं, पाणी कुठून येतं, हे बघून तिथे खुंट्या मारून ठेवा. उन्हाळ्यात सगळी जमीन सारखीच शहाणी दिसते.

मातीची परीक्षा सोपी आहे. एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा काढा, पाण्याने भरा, जिरू द्या. लगेच पुन्हा भरा आणि तासाभरात पाणी किती उतरतं ते पट्टीने मोजा. इंचापेक्षा कमी उतरलं तर पाणी बाहेर नेणारा भोकांचा पाईप घालावाच लागेल. बेळगावच्या शहापूर, वडगाव, येळ्ळूर भागातल्या काळ्या जमिनीत ते बऱ्याचदा जागचं हलत नाही. अशा जमिनीत शोषखड्डा काढण्यात पैसे घालू नका, तो पहिल्या आठवड्यात भरतो आणि भरलेलाच राहतो. खानापूरकडच्या तांबड्या, जांभ्याच्या जमिनीत पाणी झटकन मुरतं, पण जुलैत खालून उमाळे फुटतात, म्हणून तिथेही चर लागतो. अथणीकडे पाऊस कमी, पण काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. तिथे खडीखाली जिओटेक्सटाइल, म्हणजे माती अडवून पाणी सोडणारं कापड, घालायला विसरू नका.

मग छपराचं पाणी. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण 4,600 लिटर पाणी खाली येतं. वीस बाय पंधरा फुटांच्या परड्यावर स्वतःचा पाऊस पडतो तो तेवढ्याच वेळात 1,400 लिटर. म्हणजे खरा पाहुणा छपरावरून येतो. पन्हळीचा पाईप परड्यात मोकळा सोडला असेल तर आधी तो वळवा. घरात जुना आड असेल तर गाळणी लावून त्यात सोडा, नाहीतर बंद पाईपने थेट बाहेर न्या. भोकांच्या पाईपला मात्र तो जोडू नका. पालापाचोळा आत जाऊन भोकं बुजतात, आणि बाहेर न्यायचं पाणी उलट जमिनीतच मुरतं.

पाणी शेवटी कुठे जाणार हे ठरल्याशिवाय कुदळ मारू नका. पावसाचं पाणी रस्त्याकडेच्या गटारात सोडायचं, ड्रेनेजच्या लाईनीत नाही. मोठ्या पावसात ती लाईन उलटी येते. गटाराच्या भिंतीवर गेल्या पावसाळ्यातली गाळाची रेघ दिसते. तुमच्या पाईपचं तोंड त्या रेघेच्या वर हवं. पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीने मोजा: परड्याची सखल कड त्या रेघेपेक्षा दोन फूट उंच असली तर काम सरळ आहे. एवढं अंतर नसेल तर चर फूटभरच खोल घ्या. तेही बसत नसेल तर सखल कोपऱ्यात सिमेंटच्या कड्यांचा खड्डा करून त्यात आपोआप चालणारा छोटा पंप बसवा.

आता वीस बाय पंधराचं परडं धरू. घराच्या जोत्यापासून बाहेरच्या बाजूला दर दहा फुटांना दीड ते दोन इंच उतार द्या. हा उतार खालच्या मातीलाच द्यायचा. वरून डस्ट (क्रशरची दगडाची भुकटी) पसरून उतार काढला तर पाणी आत सपाट मातीवर साठून राहतं. तयार टर्फ जोत्याच्या माथ्यापेक्षा किमान सहा इंच खाली राहू द्या, नाहीतर भिंतीला ओल धरते. पाच इंच माती काढा. हराळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून टाका.

सखल कडेला वीस फूट लांब, फूटभर रुंद, दीड फूट खोल चर घ्या, वीस फुटांत अडीच इंच उताराचा. आत 200 जीएसएमचं (चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचं) न विणलेलं जिओटेक्सटाइल दोन्ही बाजूंना भरपूर सोडून अंथरा. त्यावर दोन इंच 20 एमएमची धुतलेली खडी, मग 110 एमएमचा पीव्हीसी पाईप. त्याला दर चार इंचांवर 8 एमएमची भोकं दोन ओळींत पाडा, घड्याळातल्या चार आणि आठच्या जागी. भोकं खाली का? चरात पाणी तळापासून चढतं. वर भोकं ठेवली तर पाईप अर्ध्याहून जास्त बुडेपर्यंत आत थेंब जात नाही. वरपर्यंत खडी भरून कापड दुमडून झाका. पाईपच्या शेवटी दीड फुटी चेंबर बांधा, तळ पाईपपेक्षा सहा इंच खोल ठेवा. गाळ तिथे बसतो. छपराचा बंद पाईप याच चेंबरला आणून जोडता येतो.

काढलेल्या पाच इंचांत खाली चार इंच खडीचा थर आणि वर इंचभर ग्रिट, म्हणजे दगडाची बारीक कच, येते. साहित्य असं धरा (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट): चार इंच थरासाठी सव्वा ब्रास खडी आणि ग्रिट मिळून (ठोकल्यावर ती एक ब्रास भरते), वरच्या इंचासाठी पाव ब्रासपेक्षा थोडं जास्त बारीक ग्रिट, आणि चरासाठी तिसरा हिस्सा ब्रास खडी. उकरलेली माती फुगून दोन ब्रास होते, तिच्या ट्रॉलीचा खर्च आधीच धरा. काळ्या मातीत तीन-चार इंच जास्त खणून मुरूम भरा, धुमसाने ठोका आणि मग कापड. माती ओली असताना ठोकू नका, नुसता चिखल होतो.

खडी दोन-दोन इंचांच्या थरांत ठोका. वरच्या थराला क्रशरची डस्ट स्वस्त पडते, पण पीठ जास्त असेल तर ती पावसात सिमेंटसारखी बसते आणि पाणी वरच अडतं. बरणीत मूठभर डस्ट आणि पाणी घालून हलवा. तासाभराने वर गाळाचा जाड थर बसला तर ती परत पाठवा आणि 6 एमएमचं ग्रिट मागवा. मातीवर ताडपत्री तर अजिबात नको. गवत उगवत नाही हे खरं, पण तुमच्या परड्याचं तळं होतं.

टर्फची गुंडाळी उघडण्यापूर्वी दहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी चारी दिशांनी फिरवा. खाली पाव इंचापेक्षा जास्त फट दिसली तर तिथे ग्रिट भरून ठोका. मग वीस बादल्या पाणी उंच कडेला भराभर ओता. अर्ध्या तासाने पाणी कुठेही उभं नको, आणि चेंबरमध्ये धार दिसायला हवी. पृष्ठभाग कोरडा आणि चेंबरही कोरडा असेल तर खात्री करण्यासाठी आणखी पाणी ओता. काळ्या जमिनीत तरीही धार आली नाही तर पाणी खडीत अडकलंय, बहुतेक चराचा उतार चुकलाय. आत्ता पाईप उघडणं दोन तासांचं काम आहे.

चेंबरचं झाकण टर्फखाली पुरू नका. त्याभोवती टर्फ कापून झाकण उघडं ठेवा आणि मृगापूर्वी, वळवाची एखादी सर येऊन गेल्यावर, तळातला गाळ काढून टाका.