अमेरिकी राष्ट्राध्यक्षांवर वादविवाद : तयारी कशी करावी

सोलापुरातल्या कॉलेजांत असा विषय निघाला की मुलं थेट ‘चांगला की वाईट’वर उतरतात आणि तिथंच फसतात. आधी मोजमाप ठरवा: कायदे, युद्धं, अर्थव्यवस्था की पदाची प्रतिष्ठा? पाच मिनिटांच्या भाषणात पहिलं मिनिट यालाच द्या, तीन पुराव्याला, शेवटचं खंडनाला.

लोकप्रियता आणि वारसा यांची गल्लत करू नका. 1952 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना गॅलप संस्थेच्या जनमत पाहणीत जेमतेम 22 टक्के पसंती होती. पुढे मार्शल योजना (महायुद्धानंतर युरोपला दिलेली मदत) आणि नाटो ही लष्करी युती यांच्या जोरावर इतिहासकारांनी त्यांना बरंच वर नेलं.

सरावाला लिंडन जॉन्सन घ्या, इतका गुंतागुंतीचा माणूस दुसरा नाही. कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे 1964 चा नागरी हक्क कायदा, 1965 चा मतदान हक्क कायदा, मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा). उजवीकडे व्हिएतनाम: 1968 मध्ये तिथं पाच लाखांवर अमेरिकी सैनिक होते. आपल्याकडून तिसरी नोंद हवीच: 1965-66 च्या दुष्काळात त्यांनी भारताला गहू दिला, पण थोडा थोडा, दबाव ठेवून. ज्वारीच्या मुलखातल्या श्रोत्यांना हे लगेच भिडतं.

निक्सन म्हटलं की सगळे वॉटरगेटच धरतात, म्हणजे ज्यामुळे त्यांना राजीनामा द्यावा लागला ते प्रकरण. समोरचा 1972 ची चीन भेट काढतो आणि तुम्ही गडबडता. ती आधी स्वतःच मांडा, मग 1971 च्या भारत-पाक युद्धात बंगालच्या उपसागराकडे धाडलेलं आरमार आठवून द्या.

पद सोडून वीस वर्षंही न झालेल्यांवर ठाम निकाल टाळा. बरीच कागदपत्रं अजून बंदच असतात.