स्पेक्ट्रमवर थेट कंपोझिट चित्र

४८के झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना घरगुती संगणक यूएचएफ या टीव्ही लहरींच्या पट्ट्यातल्या ३६व्या चॅनेलवर चित्र पाठवतो. नव्या टीव्हीला तो बऱ्याचदा सापडत नाही. म्हणून कंपोझिट, म्हणजे एकाच तारेतून जाणारा चित्राचा मूळ सिग्नल, थेट टीव्हीला द्यायचा. वीज काढून केस उघडा. कीबोर्डच्या रिबन पट्ट्या सरळ वर ओढा. जुन्या झाल्या की त्या ठिसूळ होतात, वाकवल्या की तुटल्याच. मॉड्युलेटरच्या (चित्र टीव्ही चॅनेलवर चढवणाऱ्या भागाच्या) पत्र्याच्या डबीत दोन तारा जातात: एक ५ व्होल्टची, दुसरी कंपोझिटची. मीटरने ओळखून दोन्ही सोडवा, ५ व्होल्टच्या तारेवर इन्सुलेशन चढवा. डबीवरच्या टीव्ही सॉकेटच्या मधल्या पिनचा डबीतल्या सर्किटशी असलेला जोड तोडा. हा जोड राहिला तर चित्र फिकट येते. मग कंपोझिटची तार १०० मायक्रोफॅरड कपॅसिटरमधून त्या पिनला जोडा, धन टोक बोर्डाकडे. टीव्ही पाल (रंगीत चित्राची एक पद्धत) मोडवर ठेवा. आवाज मात्र आतल्या स्पीकरचाच.