इन्व्हर्टर घेण्याआधी: वॅट, युनिट, व्हीए आणि एएचचा हिशेब

दुकानात "दोन बीएचके का? मग दीडशे एएचची बॅटरी घ्या" असा सल्ला मिळतो (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता). पण बॅटरी खोल्यांवर चालत नाही, वॅटवर चालते. तेव्हा आधी आपले वॅट मोजा.

१. वॅट म्हणजे उपकरण वीज किती वेगाने खाते ते. १००० वॅटचे उपकरण तासभर चालले की १ युनिट होते. आता लाइट असतानाच, ती गेल्यावर जेवढे हवे तेवढेच चालू ठेवा. फ्रिज, गिझर, पंप बंद करा आणि जुना इन्व्हर्टर असेल तर त्याचे चार्जिंगही. मग मीटरपाशी जा. मीटरवर '३२०० imp/kWh' असे छापलेले असते, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट. मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि त्या आकड्याला १८.७५ ने गुणा. २१ वेळा लुकलुकला तर सुमारे ३९४ वॅट. छापलेला आकडा वेगळा असेल तर ६०,००० ला त्याने भागून गुणक काढा. लोड कमी असेल तर तीन मिनिटे मोजून सरासरी घ्या.

ताळा करून पाहा: साधे पंखे ३ (प्रत्येकी ७५), एलईडी ट्यूब ४ (प्रत्येकी २०), टीव्ही ८०, राउटर १०. बेरीज ३९५.

२. इन्व्हर्टरवरचा आकडा व्हीएमध्ये (व्होल्ट गुणिले अँपिअर) असतो, वॅटमध्ये नाही. पॉवर फॅक्टरमुळे (व्हीएपैकी किती वॅट वापरता येतात ते प्रमाण) वॅट त्याहून कमी मिळतात. तो ०.७ धरून ३९५ ला त्याने भागले की सुमारे ५६५ व्हीए. पंखे सुरू होताना लागणाऱ्या जास्तीच्या करंटसाठी वाव ठेवून ८००-९०० व्हीए घ्या. मिक्सर, इस्त्री, गिझर यावर लावायचे नाहीत. ओव्हरलोड होऊन इन्व्हर्टर ट्रिप होतो.

३. खरी फसगत बॅटरीत होते. १२ व्होल्ट, १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर, १.८ युनिट. त्यातले साधारण २० टक्के इन्व्हर्टरच खातो, उरले १४४०. शिवाय १५० एएच हा आकडा बहुधा सी-२० चा असतो, म्हणजे २० तास ७.५ अँपिअर काढले तर. आपण ४०० वॅटला ४० अँपिअरच्या वर ओढतो. इतक्या घाईने ओढल्यावर लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण क्षमता देत नाही. १४४० चे ७० टक्के धरा, म्हणजे सुमारे १००० वॅट-अवर, ३९५ वॅटला जेमतेम अडीच तास. तेही बॅटरी नवी असताना. रोज तळापर्यंत उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते.

म्हणून दुसरी बॅटरी जोडण्याआधी पंखे बदला. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा साधारण ३० वॅट घेतो. तीन पंख्यांत १३५ वॅट वाचतात, लोड २६० वर येतो आणि तीच बॅटरी चार तासांच्या आसपास चालते. वीजबिल उतरते ते वेगळेच.

४. चार्जिंग करंट एएचच्या दहा टक्के, १५० ला १५ अँपिअर. पूर्ण भरायला १०-१२ तास लागतात. रोज बराच वेळ लाइट जात असेल तर बॅटरी अर्धवटच भरत राहते, प्लेटांवर सल्फेट साचते आणि वर्षा-दोन वर्षांत "बॅटरी बसली" म्हणायची वेळ येते.

५. चार्ज होताना हायड्रोजन निघतो. बॅटरी बंद कपाटात किंवा देवघराच्या दिव्याजवळ नको. पाणी फक्त डिस्टिल्ड, आरओचे नाही, कारण त्यात क्षार उरतात. फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारी तरंगती कांडी) हिरव्या खुणेपर्यंत आला की थांबा. काठोकाठ भरले तर चार्जिंगच्या वेळी ॲसिड उसळून टर्मिनलवर येते आणि तिथे पांढरट-निळसर थर चढतो. तसा थर दिसला तर इन्व्हर्टर बंद करून तारा सोडवा, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने पुसून कोरडे करा, तारा घट्ट कसा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा.