गल्ला हातात देताना

गिरगावात माझं औषधांचं दुकान आहे. डी.फार्म., म्हणजे औषधनिर्माणशास्त्राची पदविका, करणाऱ्या मुलांना ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण करावं लागतं, त्यासाठी दरवर्षी एक-दोघं माझ्याकडे येतात. वय एकोणीस-वीस. कुणी विरारहून, कुणी कल्याणहून. औषधांची नावं त्यांना पाठ असतात. मला शिकवायचं असतं ते वेगळंच: जी गोष्ट गिऱ्हाइकाला कधीच कळणार नाही, त्या बाबतीत कसं वागायचं. तुमच्या हाताखाली या वयाची मुलं असतील, दुकानात, वर्कशॉपमध्ये, क्लासमध्ये, तर माझी पद्धत उपयोगी पडेल.

आधी माझ्या हातून काय बिघडलं ते सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका संध्याकाळी गल्ल्यात दोनशे रुपये कमी आले. मी भर काउंटरवर, चार माणसांदेखत त्या मुलाला विचारलं, "कुठे गेले?" दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. चौथ्या दिवशी खण पूर्ण बाहेर ओढला तर मागच्या फटीत शंभराच्या दोन नोटा. मी त्याच्या घरी गेले. आईने पाणी दिलं. तो आतल्या खोलीतून बाहेर आला नाही.

तेव्हापासून पैशांचं बोलणं शटर अर्धं खाली ओढल्यावरच. गल्ला दोघांनी मिळून मोजायचा, आणि कमी आले तर लिहायचं तसं जास्त आले तरी लिहायचं. हे जास्तीचं लिहायला लावणं फार महत्त्वाचं आहे. साठ रुपये वाढले म्हणजे कुणाला तरी साठ कमी परत गेले. मग बिलं काढून बसायचं, माणूस आठवायचा, फोन लावायचा. पहिल्या आठवड्यात मुलं वैतागतात. पण "घ्या काकू, काल तुमचे साठ रुपये राहिले होते" असं एकदा स्वतःच्या तोंडाने म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी बदलतं, ते मी पाहिलंय.

गल्ल्याशेजारी एक दोनशे पानी वही असते. त्यात ज्याने त्याने आपली चूक लिहायची, खाली नाव घालायचं. सुरुवात तुम्ही करा. माझ्या अक्षरात दोन-चार चुका दिसल्याशिवाय कुठलंही मूल त्या वहीला हात लावत नाही. पहिल्याच दिवशी मी सांगून ठेवते: चूक सांगितली तर भरपाई मागणार नाही, लपवली आणि मला सापडली तर आठवडाभर काउंटर बंद, मागे बसून माल लावायचा. हा शब्द देणं सोपं आहे, पाळणं अवघड.

गेल्या पावसाळ्यात तो पाळायची वेळ आली. आमच्याकडच्या मुलीने फ्रिज पुसताना इन्सुलिनचे खोके मागे, बर्फाच्या बाजूला सरकवले. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं; एकदा गोठलं की ते टाकूनच द्यावं लागतं. सकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हातात खोका. "ताई, आठ व्हायल गोठल्यात. मीच मागे ढकलल्या होत्या." दुपारपर्यंत त्या वितळल्या असत्या. वितळलेली बाटली बाहेरून कुणालाही चांगलीच वाटली असती. पेशंटची साखर खाली आली नसती, आणि का ते त्याला कळलंही नसतं.

मला राग आला होता. मी तिला दोन चहा आणायला पाठवलं, तेवढ्यात राग गिळला. मग दोघींनी मिळून प्रत्येक खोक्यावर लाल पेनाने "विकू नये" लिहिलं, वहीत नोंद केली. मी म्हटलं, "सांगितलंस, फार बरं केलंस. आता परत होऊ नये म्हणून काय करायचं?" हा प्रश्न विसरू नका, नुसतं माफ करून सोडलं तर काम अर्धंच होतं. तिने पुठ्ठा कापून फ्रिजच्या मागच्या बाजूला आडवा लावला आणि दारावर तापमानाचा तक्ता चिकटवला, सकाळ-संध्याकाळ लिहायचा. तो तक्ता अजून चालू आहे. आठ व्हायलचे पैसे मी सोसले.

नाही म्हणायला मात्र वेगळं शिकवावं लागतं. २०१४ पासून काही अँटिबायोटिक, टीबीची औषधं आणि झोपेच्या काही गोळ्या शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या सरकारी यादीत आहेत: डॉक्टरांची चिठ्ठी हवी, रजिस्टरमध्ये पेशंट, डॉक्टर, औषध, किती दिलं ते लिहायचं, आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. नियम मुलांना माहीत असतो. पण समोर आजोबा गयावया करायला लागले की जीभ लुळी पडते. म्हणून दुपारी तीनला, गर्दी नसताना, मी गिऱ्हाईक होते. रडते, ओरडते, "तुझ्या मालकिणीला ओळखतो मी" म्हणते. त्यांनी एकच वाक्य घोटायचं: "चिठ्ठीशिवाय देता येणार नाही, डॉक्टरांना आत्ता फोन लावून देऊ का?" नकारासोबत मदतीचा हात असला की मुलांना तो उच्चारता येतो.

आणि हे सगळं तुमच्या एका वागण्याने पाण्यात जातं. मी एकदा ओळखीच्या काकांना झोपेच्या गोळ्यांची स्ट्रीप अशीच दिली. त्याच आठवड्यात मुलाने दुसऱ्या कुणाला दिली. जाब विचारला तर म्हणाला, "तेही ओळखीचेच होते, ताई." माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहीत माझं नाव लिहिलं, आणि पुढच्या वेळी त्याच्यासमोरच काकांना परत पाठवलं.

चाळींच्या वस्तीत आणखी एक: औषधाचं नाव मोठ्याने वाचायचं नाही. टीबीची गोळी असो की प्रेग्नन्सी किट, कागदात गुंडाळायचं आणि शेजारच्या खोलीतल्या कुणाकडे विषय काढायचा नाही.

कुणी खरोखर पैसे उचललेच तर? दोनदा झालंय. घरी कळवलं नाही, मुलं सज्ञान होती. एकट्याला बसवून विचारलं, गरज काय होती ते ऐकलं, रक्कम हप्त्याने परत घेतली, महिनाभर गल्ल्यापासून लांब ठेवलं. त्यातला एक पुढे आलाच नाही. दुसऱ्याला महिन्याने गल्ला परत दिला. असा परत देताना रक्कम त्याच्यासमोर मोजायची, वहीत आकडा त्याच्याच हाताने लिहवून घ्यायचा, किल्ली द्यायची आणि आपण समोर चहाला जायचं. काचेतून वळून बघायचं नाही.