पट्टी फिकी दिसली, पण ती औषधामुळे नव्हे

कर्करोगाच्या पेशींतील वाढीच्या संदेशवहनावर काम सुरू करणाऱ्यांना रास, राफ, मेक आणि ईआरके ही एकापुढे एक संदेश देणाऱ्या प्रथिनांची साखळी ठाऊक असते, म्हणून तिची उजळणी करत नाही. माझे पाच महिने ज्या एका चुकीत गेले, तिच्याविषयीच लिहितो.

आमच्या एका संयुगाने ईआरकेचे फॉस्फोरिलेशन (त्यावर फॉस्फेट बसून ते सक्रिय होणे) घटते, असे वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनाचे प्रमाण पट्टीच्या गडदपणावरून दाखवणाऱ्या चाचणीत, दिसत होते. फॉस्फो-ईआरकेची, म्हणजे फॉस्फेट बसलेल्या ईआरकेची, पट्टी फिकी, एकूण ईआरकेची सगळीकडे सारखी, आणि लागोपाठ तीनदा तोच निकाल; मी निर्धास्त झालो. प्रत्यक्षात संयुग दिलेल्या डिश मी सवयीने आधी खरवडत असे व कंट्रोल, म्हणजे संयुग न दिलेल्या, शेवटी, त्यामुळे पहिल्या नळ्या बर्फात अर्धा-पाऊण तास पडून राहत. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणाऱ्या द्रावणात) प्रोटिएज इनहिबिटर, म्हणजे प्रथिन तोडणाऱ्या एन्झाइमना रोखणारे रसायन, होते, म्हणून प्रथिन तुटत नव्हते. फॉस्फटेज इनहिबिटर मात्र नव्हते, आणि पेशी फुटताच मोकळी झालेली फॉस्फटेज एन्झाइम फॉस्फेट काढत राहिली. बर्फाने ती मंदावतात, थांबत नाहीत. ज्या एकूण ईआरकेच्या पट्टीवर मी विसंबलो होतो, तिला या चुकीचा पत्ताच लागत नाही, कारण फॉस्फेट गेले तरी प्रथिन जागेवरच असते. एकदा घाईत क्रम उलटा झाला आणि कंट्रोलचीच पट्टी फिकी आली, तेव्हा मला दरदरून घाम फुटला.

या क्षेत्रात फिक्या-गडद पट्टीवर फार काही अवलंबून असते. वेमुराफेनिब हे औषध बी-राफमध्ये (राफचाच एक प्रकार) व्ही600ई हा जनुकीय बदल असलेल्या पेशींत फॉस्फो-ईआरके खाली आणते, तर बी-राफ शाबूत पण रास बदललेल्या पेशींत तेच वाढवते. रासच्या शेपटीला जोडलेला फार्नेसिल हा मेदासारखा गट फॉस्फेटसारखा नळीत निघून जात नाही, म्हणून त्या कामातून आलेल्यांना आमची धावपळ अनाकलनीय वाटते.

'आमच्याकडे नेहमी असेच करतात' म्हणून प्रोटोकॉलचा कागद हाती देणाऱ्या सीनियरपेक्षा, नळी बर्फात किती वेळ होती असे विचारणारा मार्गदर्शक शोधा. हे सांगताना माझा राग अजून गेलेला नाही, हे मान्य करतो. तुमचेही असे झाले असेल तर खचू नका. डिशचा क्रम उलटून एक प्रयोग केला की एका दिवसात उलगडा होतो.

ईआरकेला पूर्ण सक्रिय होण्यासाठी थ्रिओनिन 202 आणि टायरोसिन 204 या त्याच्यातील दोन्ही अमिनो आम्लांवर फॉस्फेट लागते, म्हणून बफरमध्ये सेरीन-थ्रिओनिन फॉस्फटेजसाठी सोडियम फ्लोराइड आणि टायरोसिन फॉस्फटेजसाठी ऑर्थोव्हॅनाडेट, दोन्ही हवेत. व्हॅनाडेटचे द्रावण पीएच 10 ला आणून पिवळेपणा जाईपर्यंत उकळावे, थंड झाल्यावर पीएच पुन्हा तपासावा, आणि पिवळे झाले तर पुन्हा उकळावे. पिवळेच वापरले तर ते नीट काम करत नाही.